तो शब्द कुणी परत मिळवायचा? टॉटनहॅम, आयाक्स आणि स्टँडमधली भाषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या तुमच्या टॉटनहॅम (म्हणजेच 'स्पर्स' या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या) चाहत्यांच्या गटात सामना बघताना सगळे 'यिड आर्मी'ची घोषणा देतात. 'यिड' ही इंग्रजीत ज्यूंसाठीची शिवी आहे. गटात नव्याने आलेल्या, अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबातल्या एका मुलीने ती थांबवायला सांगितलं. त्यावर तिला ऐकवलं गेलं की हा शब्द स्पर्सच्या चाहत्यांनी स्वतःच उचललाय, लंडनमध्ये हजारो लोक म्हणतात, आता फुटबॉलमध्येही पॉलिटिकल करेक्टनेस आणायचा का? यात बरोबर कोण आणि तुम्ही लंडनला सामना बघायला जाल तेव्हा तिथे कसं वागायचं, हे तुम्ही विचारलंय.

ती मुलगी बरोबर आहे. मात्र तिला उत्तर देणाऱ्यांनी सांगितलेला इतिहासही खोटा नाही, आणि म्हणूनच या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येत नाही.

मी बरीच वर्षं लंडनच्या फुटबॉल मैदानांवर स्टुअर्ड, म्हणजे प्रेक्षकांवर लक्ष ठेवणारा कर्मचारी, म्हणून काम केलं, पुढे नव्या स्टुअर्डना शिकवलं. स्टुअर्डची पाठ खेळाकडे असते आणि तोंड प्रेक्षकांकडे. गोल कसा झाला ते आम्हाला दिसत नाही, पण स्टँडमधून काय ओरडलं गेलं ते शब्दन् शब्द ऐकू येतं. आणि ते ओरडल्यावर चार रांगा खाली बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तेही दिसतं. मी जे सांगतोय ते तिथून सांगतोय.

आधी इतिहास. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि तिथून निघालेली हजारो कुटुंबं लंडनच्या ईस्ट एंडमध्ये येऊन राहिली. शिंपीकाम, टोप्या, फर्निचर, बाजारातले गाळे असे त्यांचे उद्योग होते. त्यांच्या मुलांना फुटबॉलचं वेड लागलं. ट्रामने जाता येईल असं उत्तरेकडचं मोठं मैदान म्हणजे टॉटनहॅमचं व्हाइट हार्ट लेन. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तिथल्या गर्दीत ज्यू प्रेक्षक मोठ्या संख्येने दिसू लागले. तरीही टॉटनहॅम हा कधीच 'ज्यू क्लब' नव्हता. त्यांचे बहुसंख्य चाहते तेव्हाही ज्यू नव्हते, आजही नाहीत. आर्सेनललाही ज्यू चाहते भरपूर आहेत. पण एकदा ओळख चिकटली की ती हिशोब विचारत नाही.

४ डिसेंबर १९३५ रोजी याच व्हाइट हार्ट लेनवर इंग्लंड आणि नाझी जर्मनीचा सामना झाला. ज्यू संघटनांनी आणि कामगार संघटनांनी विरोध केला, तरी सामना झाला आणि मैदानावर स्वस्तिकाचा झेंडा लागला. एका प्रेक्षकाने छतावर चढून तो झेंडा खाली पाडला. इंग्लंड ३-० जिंकलं. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९३६ रोजी, ओस्वाल्ड मोस्लीच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांनी ईस्ट एंडमधून मोर्चा काढायचा प्रयत्न केला आणि केबल स्ट्रीटवर लोकांनी रस्ता अडवून त्यांना परत पाठवलं. तुमच्या घोषणेतला तो शब्द त्या फॅसिस्टांच्या तोंडचा आहे. 'यांना हाकला' या मागणीसोबत तो भिंतींवर लिहिला जायचा आणि मोर्च्यांत ओरडला जायचा. तो ऐकलेली माणसं आणि त्यांची मुलं पुढे कितीतरी वर्षं व्हाइट हार्ट लेनला सामने बघत होती.

युद्धानंतर हा शब्द फुटबॉलमध्ये आला तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूने. साठ-सत्तरच्या दशकांत वेस्ट हॅम, चेल्सी, आर्सेनल यांच्या स्टँडमधून स्पर्सच्या चाहत्यांना तो सर्रास ऐकवला जाई. त्यासोबत हिटलरची गाणी. आणि त्याहून वाईट म्हणजे फुत्कार: शेकडो माणसं दातांतून हवा सोडत 'स्स्स्स' असा आवाज काढायची. तो गॅस चेंबरमध्ये सोडलेल्या गॅसचा आवाज. हा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, आणि तोही जुन्या काळी नव्हे. ज्यांनी ऐकला नाही त्यांना वाटतं की मैदानावर सगळं थट्टेत चालतं.

या माऱ्याला स्पर्सच्या चाहत्यांनी जे उत्तर दिलं, त्याबद्दल मला आदर आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी तो शब्दच स्वतःवर घेतला. तुम्ही आमच्यातल्या ज्यूंना हे म्हणता ना, मग आम्ही सगळेच ते आहोत. ज्यू नसलेल्या पोरांनी आपल्या शेजारी उभ्या असलेल्या ज्यू मित्रासाठी ही शिवी अंगावर घेतली. त्या काळात पोलीस लक्ष देत नव्हते, क्लब लक्ष देत नव्हते, इंग्लंडमधला फुटबॉलचा कारभार बघणारी फुटबॉल असोसिएशनही गप्प होती. चाहत्यांच्या हातात एवढंच हत्यार होतं आणि ते त्यांनी वापरलं. अनेक वयस्क ज्यू स्पर्स चाहते आजही सांगतात की ती घोषणा पहिल्यांदा ऐकली तेव्हा आपण एकटे नाही असं वाटलं. त्यांचं हे म्हणणं पुसून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

तरीही मी ती घोषणा थांबावी या मताचा आहे.

पहिलं कारण हक्काचं. शिवी उलटवून तिचं नाव करता येतं, यात शंका नाही. फुटबॉलमध्येच बघा, आर्सेनलच्या समलिंगी चाहत्यांनी २०१३ मध्ये आपला गट काढला आणि त्याला स्वतःच 'गे गूनर्स' म्हटलं ('गूनर्स' म्हणजे आर्सेनलचे चाहते). आपल्याकडे तर याचं फार मोठं उदाहरण आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्या तरुणांनी 'हरिजन' हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव नाकारलं आणि 'दलित' हे नाव ताठ मानेने मिरवलं. कुठलं टाकायचं आणि कुठलं घ्यायचं, हे ज्यांनी सोसलं त्यांनी ठरवलं. उद्या सवर्ण पोरांच्या एखाद्या गटाने क्रिकेट बघताना एखादी जातिवाचक शिवी घोषणा म्हणून उचलली आणि म्हणाले की आम्ही हे प्रेमाने म्हणतोय, तर तुम्ही ऐकून घ्याल का? टॉटनहॅममध्ये नेमका हाच पेच आहे. शब्दाचा घाव ज्यूंवर, आणि तो 'परत मिळवला' असं जाहीर करणारे बहुतेक जण ज्यू नाहीत. विनोदी लेखक डेव्हिड बॅडील, जो स्वतः ज्यू आणि चेल्सीचा चाहता आहे, हा मुद्दा कितीतरी वर्षं मांडतोय. २०११ मध्ये त्याने आणि त्याच्या भावाने यावर एक लघुपट केला. स्पर्सच्या चाहत्यांनी तेव्हा त्याच्यावर राग धरला, कारण प्रतिस्पर्ध्याने शिकवलेलं कुणाला आवडत नाही. पण मुद्दा कोण मांडतो यावरून मुद्दा खोटा ठरत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते मी कामावर असताना पाहिलंय. स्टेडियम ही बंद खोली नाही. आपल्या माणसांत प्रेमाने म्हटलेला शब्द समोरच्या स्टँडला ऐकू जातो, आणि तिथे तो परवाना म्हणून वापरला जातो. बाहेरगावच्या चाहत्याला आम्ही अडवलं की उत्तर ठरलेलं असायचं: "मी ज्यूंबद्दल नाही बोलत, मी स्पर्सबद्दल बोलतोय. ते स्वतःला तेच म्हणतात." यापुढे तरुण स्टुअर्ड गोंधळतो. नेमक्या शिवीला पकडायला जावं, तर तीच शिवी समोर हजारो तोंडांतून कौतुकाने येत असते.

२०१२ चा नोव्हेंबर आठवा. टॉटनहॅमचा रोमच्या लाझिओ क्लबविरुद्ध रोममध्ये सामना होता. आदल्या रात्री काम्पो दे फिओरी चौकातल्या पबमध्ये बसलेल्या स्पर्स चाहत्यांवर टोळक्याने हल्ला केला, एकाला भोसकलं. सामन्यात लाझिओच्या स्टँडमधून ज्यूविरोधी घोषणा आल्या. लगेचच्या रविवारी व्हाइट हार्ट लेनवर वेस्ट हॅमच्या काही चाहत्यांनी फुत्कार काढले, हिटलरचं नाव घेतलं आणि लाझिओचा जयजयकार केला. डिसेंबर २०१८ मध्ये तर चेल्सीचे काही चाहते बुडापेस्टमध्ये टॉटनहॅमवरचं ज्यूविरोधी गाणं म्हणत होते. सामना हंगेरीच्या संघाशी, टॉटनहॅमचा तिथे काही संबंध नाही. आणि शहर कुठलं, तर १९४४-४५ च्या हिवाळ्यात जिथे ज्यूंना डॅन्यूबच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या ते. 'आम्ही फक्त स्पर्सबद्दल बोलतो' या सबबीत किती अर्थ आहे, ते यातून कळतं.

आम्सटरडॅमच्या आयाक्सचं उदाहरण याहून टोकाचं. तोही ज्यू क्लब नाही. जुनं मैदान शहराच्या पूर्वेला, ज्यू वस्तीच्या बाजूला होतं, इतकंच. दुसऱ्या महायुद्धाआधी आम्सटरडॅममध्ये सुमारे ८० हजार ज्यू राहत होते. नेदरलँड्समधल्या ज्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मारले गेले. युरोपच्या पश्चिम भागात एवढं प्रमाण कुठेच नाही. पुढे प्रतिस्पर्धी आयाक्सला 'ज्यू' म्हणून हिणवू लागले, तसे आयाक्सचे चाहते स्वतःला 'ज्यू' आणि 'सुपर ज्यू' म्हणवू लागले, डेव्हिडच्या ताऱ्याचे झेंडे फडकवू लागले. यातून शिवीगाळ कमी झाली का? उलट फेयेनूर्द आणि हेगचा एडीओ डेन हाग या प्रतिस्पर्धी क्लबांच्या स्टँडमधून गॅसची गाणी वाढली. २००४ मध्ये हेगमधला एडीओ-पीएसव्ही सामना घोषणांमुळे पंचांनी अर्धवट थांबवला. २०११ मध्ये आयाक्सला हरवल्यावर एडीओच्या एका खेळाडूने चाहत्यांसोबत ज्यूंच्या शिकारीचं गाणं म्हटलं आणि त्याच्यावर बंदी आली. ज्या शहरातून ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, तिथली नवी पिढी 'ज्यू' हा शब्द आधी फुटबॉलच्या शत्रुत्वात शिकते. ज्या आजीचे आईवडील त्या गाड्यांतून परत आले नाहीत, तिने सामन्याच्या दिवशी ट्राममध्ये बसायचं की नाही?

आता पॉलिटिकल करेक्टनेसबद्दल. या एका शब्दाखाली तुमच्या गटातले लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतायत: देशाचा कायदा, खेळाचा नियम आणि माणसाने माणसाशी वागायची रीत. तिन्हींची उत्तरं एकसारखी येत नाहीत.

कायद्याच्या बाबतीत मी स्पर्सच्या चाहत्यांच्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्याने मैदानावरची वंशद्वेषी घोषणाबाजी गुन्हा ठरवली. सुरुवातीला किमान दोघांनी मिळून ओरडलं तरच गुन्हा होत असे, १९९९ मध्ये ती अट गेली. गुन्हा सिद्ध झाला तर न्यायालय वर्षानुवर्षं मैदानात पाऊल न ठेवण्याचा आदेश देऊ शकतं. २०१३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने जाहीर केलं की हा शब्द कुणीही वापरला तरी तो आक्षेपार्ह आहे आणि गुन्हाही ठरू शकतो. त्या हंगामात टॉटनहॅमच्या तीन चाहत्यांवर खटले भरले गेले. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी उघडपणे सांगितलं होतं की स्वतःला म्हणवून घेणं वेगळं आणि दुसऱ्याला शिवी म्हणून देणं वेगळं. मार्च २०१४ मध्ये सरकारी वकिलांनी ते खटले मागे घेतले. तेच योग्य होतं. आपल्याकडचा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही जातिवाचक शब्दामागे अपमानाचा हेतू होता का, हे तपासतो. नुसत्या अक्षरांना शिक्षा देणारा कायदा शेवटी ज्याचं रक्षण करायचं त्याच्याच बदनामीला कारण होतो. स्कॉटलंडने सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांच्या चाहत्यांच्या धर्मद्वेषी गाण्यांसाठी २०१२ मध्ये खास कायदा आणला. तो इतका ढिसाळ शब्दांत लिहिलेला होता की दोन्ही बाजूंचे चाहते त्याविरुद्ध एक झाले आणि २०१८ मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला.

खेळाच्या नियमांत चुका होतात, हेही कबूल करायला हवं. २०११ मध्ये लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या लुइस सुआरेझने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराशी भांडताना त्याच्या वर्णाचा उल्लेख केला. आमच्याकडे हा शब्द प्रेमाचा आहे, असा बचाव केला. समितीने भांडणाचा प्रसंग तपासून तो बचाव फेटाळला, आठ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंडांचा दंड झाला. मला तो निकाल पटतो. २०२० मध्ये उरुग्वेच्याच एडिन्सन कवानीने इन्स्टाग्रामवर अभिनंदन करणाऱ्या मित्राचे आभार मानताना 'नेग्रितो' (शब्दशः 'काळुल्या') म्हटलं. मित्र, घरगुती लाडाचं संबोधन, स्पॅनिशमधला मजकूर. तरी तीन सामने बंदी आणि एक लाख पौंड दंड. उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध केला आणि तो रास्त होता. कुणी, कुणाला, कुठल्या सुरात म्हटलं हे न बघता शिक्षा दिली की पॉलिटिकल करेक्टनेसच्या नावाने ओरडणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळतं.

पण अशा चुका दाखवून सगळेच नियम मोडीत काढणारे लोक मेक्सिकोच्या घोषणेबद्दल काय म्हणतील? प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने गोल-किक मारली की मेक्सिकोचे चाहते समलिंगी पुरुषांसाठीची शिवी एका सुरात ओरडतात. तेही 'आमच्याकडे त्याचा तसा अर्थ नाही' असंच सांगतात. फिफाने दंड केले, रिकाम्या स्टेडियममध्ये सामने खेळायला लावले, पंचांनी सामने थांबवले, तरी ती पूर्ण बंद झालेली नाही. चेल्सीच्या खेळाडूंना इंग्लंडभर 'रेंट बॉय' (पैसे घेऊन पुरुषांशी संबंध ठेवणारा तरुण) म्हणून चिडवायची जुनी पद्धत आहे. ती द्वेषगुन्ह्यात बसते, हे सरकारी वकिलांनी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ज्याला ती लागू होत नाही तो हसतो. स्टँडमध्ये शेजारी बसलेला, घरी अजून कुणाला न सांगितलेला सतरा वर्षांचा मुलगाही हसतो, कारण त्याला हसावंच लागतं. अशी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट रीतीची, आणि तुमच्या गटाचा प्रश्न इथे येतो. टॉटनहॅमने हेच केलं. पोलिसांवर न सोपवता चाहत्यांना विचारलं. २०१९ च्या पाहणीत २३ हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली. ९४ टक्के लोकांना मान्य होतं की ज्यू माणसासाठी हा शब्द वंशद्वेषी असू शकतो, आणि जवळपास निम्म्यांना घोषणा कमी व्हावी किंवा थांबावी असं वाटत होतं. मग क्लबने चाहत्यांच्या लहान गटांशी बसून चर्चा केल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीरपणे विनंती केली की आता या शब्दापासून पुढे जाऊया. बंदी नाही, धमकी नाही. काहींनी मानलं, काहींनी नाही. घोषणा अजूनही ऐकू येते, बाहेरच्या सामन्यांना जास्त. पण 'आपल्या क्लबचा शब्द' म्हणून तुम्ही ज्याचा बचाव करताय तो क्लबलाच नको आहे.

आणि मुंबईतल्या तुमच्या गटाला तर त्या ऐंशीच्या दशकातल्या पोरांचा आधारही नाही. कोकणात ज्यू शतकानुशतकं राहिले, तेल गाळायचे, शनिवारी काम करत नसत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी बोलत, मराठीत कीर्तन करत. इथल्या शेजाऱ्यांनी ज्यू म्हणून त्यांचा कधी छळ केला नाही, ही आपल्या मातीची मोठी पुण्याई आहे. पण त्यामुळेच तो शब्द आपल्या कानाला बोचत नाही, नुसतं क्लबचं टोपणनाव वाटतो. त्या मुलीला तो बोचतो. तिचे नातेवाईक १९४८ नंतर इस्रायलला गेले असतील, तिथे त्यांचे शेजारी युरोपातून वाचून आलेले असतील, तिला शब्दाचं वजन माहीत असणार. तिने पोलिसांत तक्रार केली नाही की गट सोडला नाही. मित्रांना सांगितलं की हे नको म्हणूया. याला उत्तर म्हणून तिलाच पॉलिटिकल करेक्टनेस ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्यासाठी म्हणून ती घोषणा जन्मली, त्यांच्यातलीच एक समोर बसून थांबा म्हणतेय. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

तर गटात तिच्याशी बोला, आणि ते सगळ्यांसमोर बोला, म्हणजे तिला एकटीला पुन्हा मुद्दा मांडत बसावं लागणार नाही. 'कम ऑन यू स्पर्स' आहे, खेळाडूंची गाणी आहेत, 'व्हेन द स्पर्स गो मार्चिंग इन' आहे, आवाज कमी पडणार नाही.

लंडनला गेल्यावर तुमच्या आजूबाजूचे लोक तो शब्द म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका. साठ वर्षांच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या स्टँडमध्ये पाहुण्याने शिकवायला जाऊ नये. तुम्ही म्हणू नका, एवढं पुरेसं आहे. पण कुणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून तो शब्द फेकला, वर्णावरून शिवी दिली, किंवा समोरच्या कोपऱ्यातून तो फुत्कार आला, तर गप्प बसू नका. तक्रारीसाठी क्लबचा मेसेज नंबर असतो, तो सामन्याआधी क्लबच्या संकेतस्थळावरून फोनमध्ये घेऊन ठेवा. मेसेजमध्ये ब्लॉक, रांग, जमल्यास आसन क्रमांक, वेळ आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहा. 'वंशद्वेषी बोलला' एवढंच लिहिलं तर कंट्रोल रूमला काही करता येत नाही. वेळ आणि जागा नेमकी असेल तर कॅमेऱ्याचं चित्रण लगेच शोधता येतं. स्टुअर्ड त्या क्षणी रांगेत घुसला नाही तर काही केलं नाही असं समजू नका. भरल्या स्टँडमध्ये घुसून एकाला ओढलं तर चेंगराचेंगरी होऊ शकते, म्हणून बऱ्याचदा आम्ही मध्यंतरापर्यंत थांबतो आणि तो चहा घ्यायला खाली आला की जिन्यातच गाठतो.